स्वतःचे आईबाप होताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाच्या कामात बालपणीच्या जखमांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, तेवढाच वाचा, बाकीचं राहू द्या. सध्या जीव नकोसा झाला असेल तर थेट प्रश्न १५ वर जा.

१. स्वतःचे पालक व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

वेळेवर जेवू घालणं, घाबरल्यावर जवळ घेणं, चुकल्यावर समजावणं, कुणी अंगावर आलं तर आडवं येणं ही कामं लहानपणी घरातल्या मोठ्यांची असतात. ती झाली नसतील किंवा अर्धवट झाली असतील, तर मोठेपणी ती स्वतःसाठी आपणच हाती घ्यायची. इंग्रजीतून आलेला 'रीपेरेंटिंग' हा शब्द तुम्ही ऐकला असेल, तो याच कामाचा. यात भूतकाळ बदलत नाही आणि आईवडीलही बदलत नाहीत. आतून सतत येणारा जो आवाज आहे (बहुतेकांचा ओरडणारा असतो), त्याची बोली हळूहळू बदलते. आणि बरंचसं काम कंटाळवाणं असतं. पालकत्व कुठल्याही घरात कंटाळवाणंच असतं, हे लहान मूल सांभाळलेल्या कुणालाही विचारा.

२. हे नवीन खूळ आहे का? कुठून आलं?

पन्नास वर्षांहून जुनं आहे, आणि त्याचा इतिहास फारसा गोंडस नाही. एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाने 'ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस' मांडताना सांगितलं, की प्रत्येकाच्या आत एक पालक, एक प्रौढ आणि एक बालक असतं. त्याच परंपरेतल्या जॅकी शिफ यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत गंभीर मनोरुग्णांना घरी ठेवून, अक्षरशः तान्ह्या बाळासारखं वागवून 'पुन्हा वाढवण्याचा' प्रयोग केला. त्यात छळाचे आरोप झाले आणि ती पद्धत बदनाम झाली. १९७४ साली म्युरिएल जेम्स यांनी ते काम दुसऱ्याच्या हातून काढून ज्याचं त्याच्याकडे दिलं : स्वतःचा नवा पालक स्वतःच घडवायचा. पुढे जेफ्री यंग यांनी लहानपणी पक्क्या झालेल्या समजुतींवर काम करणाऱ्या 'स्कीमा थेरपी'त उपचारकाने मर्यादेत राहून पालकासारखा आधार द्यायची पद्धत बसवली. हा इतिहास उगाच सांगत नाही. प्रश्न १४ मध्ये त्याचं काम पडणार आहे.

३. मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, शिकवलं, लग्न करून दिलं. मग मला कसली जखम?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच.

आपल्याकडे मुलाला मिळणारं सर्वांत मोठं शिफारसपत्र म्हणजे 'किती समजूतदार आहे हो!' आठ वर्षांची मुलगी पाहुण्यांना चहा करते, धाकट्याला भरवते, आईबाबांचं वाजलं की दोघांमध्ये निरोप पोचवते, आणि सहलीचे पैसे मागायचे नाहीत हे तिला न सांगता कळतं. तिला कुणीही मारलेलं नाही. फक्त तिला लहान असायची सवड मिळाली नाही. अशी मुलं मोठी होऊन माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांना स्वतःला काय हवंय हे सांगता येत नाही. हॉटेलात सुद्धा 'तुम्ही मागवाल ते' म्हणतात.

जे घडलं त्याची जखम असते, तशी जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही त्याचीही असते. दुसरी ओळखायला अवघड, कारण तिचा प्रसंग सांगता येत नाही.

तरीही प्रत्येक कडू आठवणीला आघात म्हणू नये. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा शब्द होता 'पुरेशी चांगली आई'. परिपूर्ण आईची मुलाला गरज नसते. मी एक साधी खूण बघते : आजच्या प्रतिक्रियेचा आकार आजच्या प्रसंगात मावतो का? साहेबांनी 'जरा आत या' म्हटल्यावर पोटात गोळा येऊन रात्रभर झोप लागत नसेल, आणि हे वर्षानुवर्षं चालू असेल, तर तो गोळा साहेबांचा नाही.

४. नेटवर दहा प्रश्नांची चाचणी दिली, माझे ६ आले. आता माझं काय होणार?

त्या आकड्यावरून तुमच्याबद्दल काहीही सांगता येत नाही. बालपणी किती प्रकारचे त्रास झाले ते मोजणारी ही 'एसीई' चाचणी एका मोठ्या अभ्यासातून आली. १९९५ ते १९९७ या काळात अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १७,०००हून जास्त प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं आणि आजारांशी ताडून पाहिलं. त्रास जितक्या प्रकारांचा, तितका पुढे हृदयविकार, व्यसन, नैराश्य यांचा धोका जास्त दिसला. पण हा हिशोब हजारो लोकांच्या सरासरीचा. आकडा एकेका माणसाचं भविष्य ठरवायला वापरू नका, असं खुद्द अँडा यांनी २०२०मध्ये लिहिलं.

शिवाय ते दहा प्रश्न घराच्या चार भिंतींतले आहेत. शाळेत पट्टीने सोललेले हात, जातीवरून मारलेले टोमणे, शिक्षणासाठी मामाकडे ठेवल्यावर आश्रितासारखं काढलेलं बालपण, यांचा त्यात रकानाच नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. म्हणजे तुमचे ६ आले काय किंवा १ आला काय, सुरुवात प्रश्न ५ पासूनच.

५. सुरुवात कुठून करू? रोज नेमकं काय करायचं?

पहिले पंधरा दिवस एकच गोष्ट. तीही शरीराची.

दुपारचा डबा चारला खाणं, लघवी दाबून काम संपवणं, ताप असताना 'एवढं काय त्यात' म्हणत भांडी घासणं : ज्यांचं लहानपणी कुणी पाहिलं नाही, ते मोठेपणी स्वतःकडे असंच न पाहता जगतात. यातलं एक निवडा. समजा, 'मी रोज दीडला जेवेन'. भावना, आठवणी, माफी यांना तूर्त हात लावू नका. मुलाचा आईवर विश्वास बसतो तो तिच्या भाषणांमुळे नाही. ती रोज येते म्हणून बसतो. तुम्ही स्वतःला दिलेला शब्द पंधरा दिवस पाळलात, तर आत कुणीतरी पहिल्यांदा कान टवकारतं.

म्हणून शब्द लहान द्या. 'उद्यापासून पाचला उठून योगा, डायरी आणि साखर बंद' हा शब्द तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि मग तोच जुना आवाज म्हणतो, 'बघ, तुझ्याने काही होणार नाही.'

दुसरा टप्पा त्या आवाजाचा. वहीत एका बाजूला तो जे बोलतो ते जसंच्या तसं लिहा : 'मूर्ख आहेस', 'लोक काय म्हणतील', 'तुझ्यामुळेच झालं'. शेजारी लिहा, हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं. उत्तर नेहमी आईवडीलच निघतं असं नाही. कधी काकू निघते, कधी गणिताचे सर, कधी वर्गातली मुलं. वाक्याचा मालक सापडला की ते 'माझं मत' राहत नाही.

तिसरं, अवघड क्षणासाठी. छाती भरून आली, अंग थरथरलं, तर आधी तळपाय जमिनीवर टेकवा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या. मग श्वास, सोडताना जास्त वेळ. मग स्वतःला विचारा, 'तुला आत्ता काय हवंय?' उत्तर येईल ते साधंच असेल : पाणी, पांघरूण, इथून बाहेर पडणं. तेवढं द्या. कारणमीमांसा उद्या.

लहानपणीचा फोटो समोर ठेवून त्याच्याशी बोलायचा व्यायाम खूप लोकप्रिय आहे. काहींना उपयोगी पडतो. माझा अनुभव असा, की पहिल्याच आठवड्यात तो केला तर माणूस ढसाढसा रडतो, मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी ऑफिसला जातो. जेवण आधी, फोटो नंतर.

६. स्वतःशी प्रेमाने बोला म्हणतात. मला लाज वाटते, नाटकी वाटतं. इंग्रजीत जमतं, मराठीत घशात अडकतं. असं का?

कारण तुम्हाला रागावलं गेलं ते मराठीत. २००३मध्ये कॅथरीन हॅरिस या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या माणसांच्या त्वचेतला, भावना उसळली की होणारा विद्युतबदल मोजला. लहानपणी ऐकायला मिळणारी रागावण्याची वाक्यं मातृभाषेत ऐकवली, तेव्हा शरीराने जास्त जोरात प्रतिसाद दिला. दुसऱ्या भाषेत तीच वाक्यं बोथट होती. पुणे काय, दुबई काय, न्यू जर्सी काय, बाहेर दिवसभर इंग्रजीत वावरणारी मंडळी मला हेच सांगतात : 'आय ॲम इनफ' म्हणताना काही होत नाही, 'तू चांगली आहेस गं' म्हटलं की डोळे भरतात.

तेव्हा इंग्रजी ही सुरुवातीची काठी म्हणून वापरा, हरकत नाही. पण जिथे जखम त्या भाषेतच कधीतरी मलम लावावं लागतं. नाटकी वाटू नये म्हणून पुस्तकी मराठी टाळा. 'मी स्वतःवर प्रेम करतो' असं कुठल्या घरात कोण बोलतं? आपल्या घरात माया अशी येते : 'जेवलास का?', 'ये, बस जरा', 'असू दे, होतं असं', 'मी आहे ना'. हीच वाक्यं घ्या. लहानपणी एक तरी माणूस तुमच्याशी नीट बोललं असेल, आजी, शेजारच्या मावशी, शाळेतले शिपाईकाका, तर त्यांच्या चालीत बोला. मी अनेकांना त्यांच्या आजीच्या आवाजात स्वतःशी बोलायला सांगते, आणि ते पहिल्यांदा हसतात.

संबोधन 'मी' ऐवजी 'तू' ठेवा, किंवा घरचं नाव घ्या. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत स्वतःला नावाने हाक मारून बोलणाऱ्यांना ताणाचा प्रसंग पेलणं सोपं गेलेलं दिसलं. फक्त ते नाव चिडवण्यासाठी वापरलं जात असेल, तर तुम्हाला आवडेल असं नवीन घ्या. बारसं स्वतःचं स्वतः करायला कुणाची हरकत नसावी.

७. असे लाड केले तर मी आळशी होणार नाही का? मला शिस्तीनेच इथवर आणलंय.

लाड म्हणजे पालकत्व नव्हे. ऑनलाइन खरेदी, रात्री दोनपर्यंत वेबसिरीज, 'आज माझा दिवस आहे' म्हणून बुडवलेलं काम, हे मुलाच्या हातात मोबाइल देऊन त्याला गप्प करण्यासारखं आहे. चांगला पालक फोन काढून घेतो आणि झोपवतो. फरक इतकाच, की झोपवताना शिव्या देत नाही. भीतीने तुम्हाला इथवर आणलं हे खरं असेल. पण तिने घेतलेली किंमत ॲसिडिटीच्या गोळ्यांत मोजून बघा.

८. आईवडिलांना दोष देणं पाप नाही का? त्यांनीही हाल काढले.

हाल काढले, हे खरं. त्यातून तुम्हाला लागलं, हेही खरं. या दोन वाक्यांत 'पण' घालायची गरज नाही, दोन्ही शेजारी उभी राहू शकतात. 'मातृदेवो भव, पितृदेवो भव' म्हणणाऱ्या तैत्तिरीय उपनिषदातच आचार्यांचं सांगणं आहे, की आमची जी चांगली आचरणं असतील तीच घे, बाकीची नको.

खटला चालवायची सक्ती नाही. माफ करायचीही नाही. माफी दिल्याशिवाय बरं वाटत नाही असं जे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. मी कितीतरी जणांना माफीच्या प्रश्नाला हात न लावता नीट झोपायला लागलेलं पाहिलं आहे. विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत किशोर फडके यांच्यामुळे अनेकांना ओळखीचा आहे. त्याचे जनक अल्बर्ट एलिस यांचा भर याच गोष्टीवर होता, की तेव्हा काय झालं यापेक्षा त्यातून घेतलेली समजूत आज आपण कशी जपतो ते पाहा. बालपण फारच झटकन बाजूला सारतात ते, असं मला वाटतं. पण दिशा कामाची आहे.

९. माझा भाऊ म्हणतो, 'असं काही झालंच नाही, तू फार मनाला लावून घेतेस.' मग खरं कुणाचं?

एकाच घरात दोन मुलं वेगवेगळ्या घरांत वाढतात. तो जन्मला तोवर वडिलांची नोकरी पक्की झाली असेल, मार थोरलीने खाऊन संपवला असेल, किंवा तो मुलगा म्हणून सुटला असेल. भावाची साक्ष मिळाल्याशिवाय बरं व्हायचं नाही असं ठरवलंत तर किल्ली त्याच्या खिशात राहील. दिवाळीच्या फराळाला हा विषय काढू नका, एवढा व्यवहारी सल्ला.

१०. मला दहा वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही. नक्की काहीतरी भयंकर झालं असणार ना?

नसेलही. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना आठवत नाही, आणि नंतरचंही अनेकांना पुसट असतं. आठवण खणून काढायला जाऊ नका. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं, की न घडलेला प्रसंग, उदाहरणार्थ लहानपणी मॉलमध्ये हरवणं, सुचवत गेलं तर काही लोकांना तो खरोखर आठवू लागतो. संमोहनाने 'दडलेली आठवण काढून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. प्रश्न ५ मधलं काम आठवणींशिवाय करता येतं.

११. ज्या वडिलांनी बेदम मारलं ते आता अंथरुणाला खिळलेत. सेवा मीच करते. मनात राग येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

सेवा आणि जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला पहिलीच देता येत असेल तर ती पुरेशी आहे. ज्येष्ठांसाठीचा २००७चा कायदा सुद्धा मुलांकडून निर्वाह मागतो, माया मागत नाही. औषधं वेळेवर द्या. शेजारी तासभर बसून गप्पा माराव्यात असं कुठे लिहिलेलं नाही. अंघोळ घालणं, कूस बदलणं या स्पर्शाच्या कामांत अंगावर काटा येत असेल तर त्यासाठीच मदतनीस ठेवा, आणि खर्चात भावंडांना हिस्सा मागा. खोलीतून बाहेर आलात की हात धुताना स्वतःला एक वाक्य सांगा : 'आता ते मारू शकत नाहीत.' ते आजही शिवीगाळ करत असतील तर 'असं बोललात तर मी बाहेर जाते' म्हणा आणि खरंच जा.

ते गेल्यावर रडू येईल किंवा येणार नाही. दोन्ही चालतं. दहाव्याला लोक काय बघतात त्याचा विचार तेव्हा करू.

१२. काल मी माझ्याच मुलावर हात उचलला. जे माझ्यासोबत झालं तेच मी करतोय. मी वाया गेलोय का?

आज संध्याकाळी त्याच्या उंचीला खाली बसा आणि म्हणा, 'काल मी मारलं. ती माझी चूक होती. तुझ्यामुळे झाली नाही.' पुढे 'पण तूही ऐकत नाहीस' हे जोडू नका, त्या एका 'पण'ने सगळं पाण्यात जातं. मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ यांचं निरीक्षण केलं, तेव्हा चांगल्या जोड्यांमध्येसुद्धा ताळमेळ जेमतेम ३० टक्के वेळ होता. बाकी वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं चाललेलं. बिघडल्यावर दुरुस्ती होते, हे मूल त्यातून शिकतं. तुमच्या वडिलांनी कधी 'चुकलं' म्हटलं नसेल, म्हणून तुम्हाला ते शब्द जड जातील. आधी आरशासमोर म्हणून बघा.

मारणं वारंवार होत असेल तर हा प्रश्न आता तुमच्या बालपणाचा राहिलेला नाही, मुलाच्या सुरक्षिततेचा आहे. मदत घ्या (प्रश्न १५).

१३. नवरा म्हणतो, 'मी तुझा बाप नाही.' मी फार मागते का?

कदाचित. आणि तोही कदाचित फार कमी देत असेल. जोडीदाराकडे मिठी मागावी, पण 'मला कधीच सोडून जाणार नाहीस ना' याची रोजची पावती मागू नये. ती तान्ह्या बाळाची मागणी आहे, आणि कुठलाही प्रौढ माणूस ती पुरी करू शकत नाही. नेमकं मागा : 'दहा मिनिटं जवळ बस, उपाय सुचवू नकोस.' उरलेलं काम तुमच्याकडे.

१४. एक ताई सत्रात मला मांडीवर झोपवतात, 'मला आई म्हण' म्हणतात. खूप बरं वाटतं. ठीक आहे ना?

नाही. प्रश्न २ मधला इतिहास आठवा. उपचारकाचा आधार पालकासारखा असू शकतो, पण त्याला वेळेची, स्पर्शाची, पैशाची कुंपणं असतात, आणि तुम्ही हळूहळू त्यांच्याशिवाय चालू लागावं हा त्याचा हेतू असतो. 'घरच्यांशी संबंध तोड', 'दुसऱ्या कुणाला सांगू नकोस', 'माझ्याशिवाय तुझं होणार नाही' यातलं एक जरी वाक्य ऐकलं असेल तर बाहेर पडा. बरं वाटतंय म्हणूनच सोडवत नाही, हे मला कळतं.

१५. एकट्याने कधी करू नये? कुणाकडे जायचं? पैसे नाहीत.

स्वतःला इजा करावीशी वाटते, जुना प्रसंग आत्ता घडतोय असं वाटून भान सुटतं, दारू किंवा गोळ्यांशिवाय रात्र जात नाही, किंवा वहीत लिहायला बसलं की दोन-दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही : असं असेल तर हे पान बंद करून माणसाशी बोला. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती विचारायला संकोच करू नका. 'समुपदेशक' या पाटीमागे मात्र उत्तम शिकलेलं माणूसही असतं आणि तीन दिवसांची कार्यशाळा केलेलंही. शिक्षण विचारा, मलाही विचारा. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, मुंबईत केईएम, पुण्यात ससून, मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग नाममात्र दरात असतो. रांग लांब असते, सकाळी लवकर जा. आघातावर काम करणारी बोधवर्तन उपचारपद्धती (सीबीटी) आणि ईएमडीआर (प्रसंग आठवत असताना डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेणारी पद्धत) या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये केली आहे. दीर्घकाळच्या छळातून होणाऱ्या गुंतागुंतीच्या आघातविकाराला आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र नाव आहे, त्यामुळे 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे उत्तर कुणी दिलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

१६. माझ्यासोबत लहानपणी नातेवाइकाने जे केलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यालाही हेच सगळं लागू होतं का?

प्रश्न ५ चा पहिला टप्पा लागू होतो. बाकीचं प्रशिक्षित माणसासोबतच करा. दोष तुमचा नव्हता. तेव्हा तुमचं शरीर गप्प राहिलं असेल, गोठलं असेल, तरीही नव्हता. तक्रार करायची की नाही हा पूर्ण तुमचा निर्णय. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे, त्याआधीच्या घटनांना तेव्हाचे कायदे लागतात, आणि बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नाही. आधी वकिलाशी बोला. त्या माणसाच्या आसपास आज कुणी लहान मूल असेल, तर तो विचार मात्र पुढे ढकलू नका.

१७. आमचं वन-रूम-किचन आहे, सहा माणसं. वही लपवायला जागा नाही, रडायलाही नाही. हे सगळं कुठे करायचं?

वहीच नको. मोबाइलमध्ये स्वतःलाच संदेश लिहा आणि वाचून पुसा. किंवा कागदावर लिहा, फाडा, केराच्या टोपलीत चहापत्तीखाली जाऊ द्या. रडायला मोरीतला नळ सोडायची युक्ती तुम्हाला आधीच माहीत असेल. लोकलमध्ये दाराशी उभं राहून नाही, पण खिडकीशी बसून बाहेर बघत रडणाऱ्याला मुंबईत कुणी काही विचारत नाही, ही या शहराची मेहरबानी. इमारतीची गच्ची, पहाटेचं देऊळ, दळण आणायला जाताना लांबचा रस्ता. कानात हेडफोन घालून चालत 'ऐक ना, आज फार दमलीस तू' असं मोठ्याने बोललात, तरी लोकांना वाटतं तुम्ही फोनवर आहात.